बाळाची बॅग मी भरते आहे

६ एप्रिल

ही वही खरं तर मिआलीची. दवाखान्यातल्या नर्सनं तिला दिली होती, बाळ कधी हललं, झोप कशी लागली ते लिहून ठेवायला. मिआलीनं ती माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर टाकली आणि म्हणाली, "आत्या, तूच लिही. तुलाच सगळं कळायला हवं असतं." एकोणीस वर्षांची पोर, बोलणं तिरकंच असायचं. मी मनावर घेत नाही.

तर लिहिते. मी ऊलीपीका, वय अठ्ठेचाळीस, शाळेत मुलांची न्याहारी बनवते. मिआली माझ्या धाकट्या भावाची, जुसिपीची, मुलगी. जुसिपी चार वर्षांपूर्वी समुद्रावरच्या कोवळ्या बर्फातून स्नोमोबाइलसकट खाली पाण्यात गेला, तो गेलाच. मिआली आईजवळ राहते, त्या घरात धाकट्या भावंडांमुळे पाय ठेवायला जागा नाही. बाळाचा बाप खाणीवर कामाला गेला तो तिकडचाच झाला. जानेवारीत मिआली माझ्याकडे आली, चहा प्यायली, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "हे बाळ तू घे."

आमच्याकडे बाळं अशी दिली-घेतली जातात. लपवाछपवी काही नसते, माझा नवरा लूटीसुद्धा असाच आत्याकडे वाढला. मी हो म्हणाले. किती पटकन म्हणाले ते लिहीत नाही.

९ एप्रिल

आमच्या गावात बाळंतपणं होत नाहीत. दिवस भरत आले की विमानानं इकालुइटला, मोठ्या इस्पितळाच्या गावी जायचं, तिथल्या बोर्डिंगमध्ये राहायचं आणि कळांची वाट बघत बसायचं. सोबत एक माणूस नेता येतं. मिआलीच्या आईला घर सोडता येत नाही, म्हणून सोबतीला मी.

आज बॅग भरली. बॅग लूटीची, शिकारीला नेतो ती. तीन पाण्यांनी धुतली तरी पेट्रोलचा वास जाईना. लूटी म्हणाला, "राहू दे, पोर जन्मतःच मशीन दुरुस्त करेल." मी त्याला हाकलून दिलं आणि एकेक वस्तू पलंगावर मांडली. दोन टोप्या, एक पांढरी, एक माझ्या हातची लाल. पायमोजे. लंगोट. दुधाच्या बाटल्या आणि पावडर, कारण दूध मीच पाजणार. सुकवलेलं रेनडियरचं मांस, बाळंतिणीला रस्सा करून द्यायला. आणि सगळ्यात वर अमाउती. पाठीवर बाळ बसवायचा हा झगा मी फेब्रुवारीत शिवायला घेतला तो मार्चमध्ये संपवला. माझ्याच खांद्यांच्या मापाचा. आयुष्यभर दुसऱ्यांचे शिवले.

भरून झालं, चेन लावली, मग पुन्हा उघडून सगळं काढलं आणि पुन्हा भरलं. काही राहिलं होतं म्हणून नाही.

मिआलीची बॅग दहा मिनिटांत भरून झाली. फोनचा चार्जर, चिप्सची पाकिटं आणि जुसिपीचा कोपरावर फाटलेला जुना स्वेटर. मी म्हटलं, "हे बोचकं कशाला? उगाच जागा अडते." आणि काढून ठेवला. थोड्या वेळानं बघते तर परत बॅगेत. पोरीला नीटनेटकेपणा कधी येणार कोण जाणे.

१२ एप्रिल

नाव ठरलं आहे. माझी आई, कौनाक, गेल्या हिवाळ्यात गेली. बाळाला तिचंच नाव द्यायचं. आमची नावं बाईची वेगळी, बाप्याची वेगळी अशी नसतात, त्यामुळे मुलगा झाला काय आणि मुलगी झाली काय. ज्याचं नाव दिलं ते माणूसच परत येतं. मी बाळाला आई म्हणेन. मिआलीची ती आजी, आणि लूटीची सासू.

हे ऐकून लूटीनं कान खाजवला. मग म्हणाला, "म्हणजे सासूबाईंचे लंगोट मी बदलायचे?"

"तिनं तुझे कमी नखरे सोसलेत का?"

"तिच्यासमोर मी जन्मात पाय पसरून बसलो नाही गं. आता घरातच येऊन राहणार म्हणजे झालं."

बोलतो असा, पण परवा त्यानं धाकटी खोली रिकामी केली. दगडावर कोरीवकाम करायची सगळी हत्यारं बाहेरच्या गारठ्यात, शेडमध्ये नेली. दगडाची धूळ बाळाच्या छातीत जाते म्हणाला. मी काही सांगितलं नव्हतं.

आई गेल्यापासून मला हाक मारणारं कुणी राहिलं नाही. लूटी "ए" म्हणतो. आई माझं अख्खं नाव घ्यायची, शेवटचं अक्षर लांबवून. ती हाक मला परत हवी आहे, आणि माझ्या पाठीवर कुणाचं तरी वजन हवं आहे. माझं पोट दोनदा भरलं आणि दोन्ही वेळा वेळेआधी रिकामं झालं. त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही.

१५ एप्रिल

आज मोठी गोष्ट झाली. मिआली सकाळी आली ती दारातच थांबली. मी ओरडले, "दारात घुटमळू नकोस, बाळ दारात अडकतं. आत तरी ये नाहीतर बाहेर तरी जा." आत आली आणि म्हणाली, "आत्या, मला स्वप्न पडलं. कुणीतरी आमच्या दारात उभं होतं. चहा मागत होतं."

माझ्या अंगावर काटा आला. गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही मागतं तेव्हा त्याला नाव हवं असतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. मी विचारलं, "बूट कसे होते?"

"ओले. पाणी निथळत होतं."

आईच. ओहोटीला शिंपले खणायला जायची आणि चिंब होऊन यायची. मी म्हटलं, "चहा कसा मागितला?"

"खूप साखर घालून. पण आत्या, ते—"

"कळलं मला," मी म्हणाले. तिला जवळ घेतलं, तिच्या पोटाला हात लावला आणि म्हटलं, "आई, आलीस. ये, सगळं तयार आहे." आईला डॉक्टरांनी साखर बंद केली होती, शेवटची किती वर्षं तिनं बिनसाखरेचा चहा गिळला. मेल्यावर कसलं पथ्य. मिआली माझ्या खांद्यावर डोकं ठेवून थोडी रडली. तिलाही आजीची आठवण येत असणार.

१८ एप्रिल

इकालुइट. विमानात मिआली खिडकीकडे तोंड करून बसली. बोर्डिंगची खोली बरी आहे, गरम आहे, फारच गरम. जेवायला कोंबडी आणि बटाटे. मी मांसाची पिशवी उघडली तर शेजारच्या खोलीतल्या हॅनाआजी वास घेत आल्या. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आल्या आहेत, अजून पट्टी आहे. एका डोळ्यानं त्यांनी आम्हा दोघींना न्याहाळलं.

"आई कोण यातली?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "मी." मिआली म्हणाली, "ही." दोघी एकदमच बोललो.

हॅनाआजी मांसाचा तुकडा चघळत म्हणाल्या, "बरं."

२३ एप्रिल

काही घडत नाही. रोज मी मिआलीला उठल्याउठल्या बाहेर पिटाळते. बाई अंथरुणात लोळली की बाळही लोळतं, आई सांगायची. ती कुरकुरत जाते, बर्फात दोन फेऱ्या मारते, येऊन पुन्हा फोनमध्ये डोकं.

लाल टोपी सापडत नाही. बॅग तीनदा उपसली. आज मिआलीची चादर बदलताना ती उशीच्या खोळीत मिळाली. म्हणाली, कान गार पडतात. मी म्हटलं, अगं, ती तुझ्या मुठीएवढी आहे, कानाला कुठून पुरणार. टोपी धुऊन पुन्हा बॅगेत ठेवली. हॅनाआजी दुसऱ्या खाटेवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "असू दे की तिच्याजवळ." म्हाताऱ्या माणसांना स्वच्छतेचं काही नसतं.

२७ एप्रिल

लूटीनं येणाऱ्या एकाबरोबर गोठवलेला मासा पाठवला. आम्ही तिघी जमिनीवर पुठ्ठा अंथरून बसलो आणि खाल्ला. मिआली पहिल्यांदा हसली. मासा कापता कापता म्हणाली, "बाबा डोकं मला द्यायचे, गालातलं मांस." चार वर्षांत तिच्या तोंडून बापाचं नाव आलं नव्हतं. मला हुंदका आवरेना, म्हणून मी विषय बदलला.

फोनवर लूटी विचारतो, "सासूबाई निघाल्या का?" मी म्हणते, अजून नाही. मग दोघंही फोन ठेवत नाही. त्याच्या मागे रेडिओ ऐकू येतो. मला घरी जायचं आहे, पण रिकामी नाही. आत्ताशी कळतंय मला, मी किती वर्षं त्या घरात दिवा लावायला, चूल पेटवायला, जेवायला वाढायला कुणाची तरी वाट बघत होते आणि लूटीला वाटायचं मी त्याचीच वाट बघते.

२ मे

कळा काल दुपारी सुरू झाल्या. आज सकाळ झाली तरी बाळ येईना. नर्स चांगली होती, पण ती सारखी यंत्राकडे बघायची आणि आमच्याकडे कमी. मिआलीचे ओठ पांढरे पडले होते. तेव्हा मला जुनी गोष्ट आठवली, बाळ अडलं की त्याला नावानं बोलवायचं. आपलं नाव ऐकलं की येतं. नर्सला विचारलं, ती म्हणाली, बोलवा की.

मी वाकले आणि हाक मारली, "कौनाक, ये. आई, ये." पुन्हा मारली. गोड बोलून झालं, रागावून झालं. घसा बसला. काही नाही. मिआली डोकं हलवत होती, माझा हात झटकत होती. मी म्हटलं, तूही बोलव, तुझी आजी आहे ना.

तिनं डोळे घट्ट मिटले आणि ओरडली, "जुसिपी!"

आणि बाळ आलं. पुढच्याच कळेला. मुलगी. डोक्यावर भरपूर केस, आणि कपाळाला मध्यभागी आठी, जशी तिच्या बापाला... मिआलीच्या बापाला, माझ्या भावाला होती तशी.

मी मिआलीच्या तोंडावरचा घाम पुसला. जरा वेळानं विचारलं, "स्वप्नात कोण होतं?"

"बाबा," मिआली म्हणाली. "मी तेव्हाच सांगत होते. तू ऐकलंच नाहीस."

ओले बूट. साखर. जुसिपी चहात चमचा उभा राहील इतकी साखर घालायचा. मी मोठी शहाणी, बूट ओले म्हटल्यावर मला शिंपले आठवले.

३ मे

नर्सनं बाळ गुंडाळून आणलं आणि विचारलं, कुणाकडे देऊ. मिआलीनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि भिंतीकडे वळली. शब्द दिला की दिला, अशी आहे पोर, बापासारखी.

मी बाटलीनं दूध पाजलं. चांगलं प्यायली. मिआलीचा शर्ट पुढून भिजला होता. मी तिला टॉवेल दिला.

खरं लिहिते. मला ती परत द्यायची नाही. नावानं काही अडत नाही. एका बाळाला चार-चार नावं असतात, जुसिपीही ठेवीन आणि कौनाकही ठेवीन, कोण हरकत घेणार आहे? लूटीला फोनवर सांगितलं, मुलगी, केस काळे, सगळं ठीक. तो म्हणाला, "सासूबाई रागावल्या नाहीत ना वाटेत?" मी नाही म्हणाले. नावाचं सांगितलं नाही. तो शीळ वाजवायला लागला, तेव्हा फोन ठेवला.

पण गंमत अशी की तिला बोलवायला गेले आणि तोंडातून "आई" येईना. "पोरी" येईना. सारखं "बाळ्या" येत होतं. लहानपणी मी जुसिपीला बाळ्या म्हणायचे.

४ मे

वादळ. विमानं बंद, आम्ही बोर्डिंगवर परत. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. बाळ माझ्या खाटेवर, माझ्या कुशीत. हॅनाआजींची पट्टी निघाली आहे, त्यांनी बाळाला दोन्ही डोळ्यांनी नीट पाहिलं. "कुणाचं नाव?" मी सांगितलं. त्यांनी मिआलीकडे बघितलं, "म्हणजे तुझा बाप." मग माझ्याकडे, "आणि तुझा भाऊ." मी मान हलवली. त्या उठून गेल्या. दुसरी कुणी असती तर मी म्हटलं असतं, तुम्हाला काय करायचंय.

५ मे

दुपारी बाळाचे कपडे धुवायला खाली गेले होते. परत आले तर खोलीतून बोलणं ऐकू आलं. मी दारात थांबले. दारात थांबू नये हे मी जगाला सांगते.

बाळ मिआलीच्या मांडीवर होतं. ती त्याच्याशी बोलत होती, हळू आणि भराभर, जशी लहानपणी शाळेतून येऊन जुसिपीशी बोलायची. "बाबा, तुझी बंदूक आईनं विकली नाही, लूटीकाकाकडे आहे. बाबा, मी शाळा सोडली, तू असतास तर ओरडला असतास. ओरड आता. बाबा, त्या दिवशी मी म्हटलं होतं नको जाऊस, तू ऐकलंस का? तुझ्या बहिणीसारखाच आहेस, कुणाचं ऐकत नाहीस." मग ती हसली आणि बाळाच्या कपाळावरची आठी बोटानं पुसायला लागली. "आत्या घेऊन जाणार आहे तुला. तिथे खोली आहे तुला, अख्खी. मी येईन ना रोज. चहा करेन तुला."

धुतलेले कपडे माझ्या हातात गार पडले. किती वेळ उभी होते माहीत नाही. आत जाऊन खोकले असते तर तिनं लगेच बाळ माझ्याकडे दिलं असतं. उद्या विमानात मी ते पाठीवर घेऊन बसले असते. कुणी एक शब्द बोललं नसतं, तीही नाही. मला ते इतकं हवं होतं की दात दुखायला लागले.

आत गेले. मिआलीनं खरंच बाळ पुढे केलं. मी घेतलं नाही, तिला ते खाटेवर ठेवायला लावलं. बॅगेतून अमाउती काढला आणि तिच्या अंगावर घातला. खांद्यावर फारच सैल, पट्टा दोनदा गुंडाळावा लागला.

"हे काय करतेस?" ती म्हणाली.

"सैल आहे. घरी गेल्यावर उसवून नीट करून देईन."

"आत्या, मी शब्द दिलाय तुला."

"बाळ दिलं होतंस. बाप नव्हता दिलास. बाप कुणी देत नसतं, वेडे."

"पण लूटीकाकानं खोली—"

"तुझा बाप जन्मला तेव्हा आईला ताप होता," मी म्हटलं. "मी दहा वर्षांची. अख्खा हिवाळा तो माझ्या पाठीवर होता, माझ्या मानेवर ओकायचा. मी एकदा वाढवलाय त्याला. आता तुझी पाळी."

तिनं पट्टा ओढून पाहिला. बाळाला आत ठेवायला वाकली, तर तिला जमेना, मग मी उचलून तिच्या पाठीवर सरकवलं. बाळ थोडं चाचपडलं आणि मान टाकून झोपलं. मिआली डुलायला लागली. कुणी शिकवलं नव्हतं.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

७ मे

वादळ निवळलं, घरी आलो. लूटीला विमानाची वेळ कळवली होती, बाळाचं काही सांगितलं नव्हतं. दोनदा फोन उचलला, दोनदा खाली ठेवला.

तो धावपट्टीच्या कुंपणाशी उभा होता, नवी टोपी घालून. दुरूनच त्यानं माझ्या पाठीकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे. मग मिआलीकडे. मिआली थांबली. मी पुढे होऊन एवढंच म्हणाले, "आई नाही आली, लूटी. जुसिपी आलाय."

लूटी कितीतरी वेळ हातमोजे काढत राहिला. मग तो मिआलीच्या मागे गेला, अमाउतीचं टोपडं बाजूला केलं आणि आत वाकून बघितलं.

"आलास होय मेव्हण्या," तो म्हणाला. "मागच्या वेळी निघताना सांगूनसुद्धा गेला नाहीस."

 त्यानं आमच्या बॅगा उचलल्या, चारही, एकही मला घेऊ दिली नाही.

आधी त्या बाप-लेकीला तिच्या आईकडे सोडलं. मग आम्ही दोघं घरी आलो.